विहिरीच्या अहवालात ई. कोलाय आणि इन्सुलिनच्या पत्रकातही ई. कोलाय?

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या सार्वजनिक विहिरीच्या पाण्याचा अहवाल आलाय. शेरा असा: पिण्यास अयोग्य, ई. कोलाय आढळले. ग्रामपंचायतीने पाणी उकळून प्यायला सांगितलंय आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणं सुरू केलंय.

त्याच सुमारास वडिलांसाठी ग्लार्जिन इन्सुलिन आणलं. खोक्यातलं बारीक अक्षरांचं पत्रक वाचत होतो, तर त्यात लिहिलेलं की हे औषध ई. कोलाय या जिवाणूपासून तयार केलेलं आहे. मोठ्याने वाचलं ते वडिलांनी ऐकलं. ते माळकरी आहेत. त्यांनी दोन प्रश्न विचारले. ज्या जंतूमुळे विहीर बंद झाली, तोच मला टोचताय का? आणि हे औषध शाकाहारी आहे का? मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे विचारतोय. जाणकारांनी सविस्तर लिहावं, वडिलांना वाचून दाखवणार आहे.

प्रयोगवही

माळरान, वडिलांचे दोन्ही प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारे आहेत. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे.

आधी थेट उत्तर. इंजेक्शनात जिवाणू नसतो. त्याच्याकडून बनवून घेतलेलं आणि पूर्ण शुद्ध केलेलं प्रथिन असतं. आणि विहिरीत सापडलेला ई. कोलाय व कारखान्यातला ई. कोलाय ही एकाच जातीची दोन फार वेगळी घराणी आहेत.

१८८५ मध्ये म्युनिकमध्ये थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या बाळांच्या शौचात हा जिवाणू पाहिला आणि त्याचं वर्णन केलं. पुढे त्याच्याच नावावरून एशेरिशिया कोलाय असं नाव रूढ झालं. तुमच्या, माझ्या, गाईच्या, कुत्र्याच्या, सगळ्यांच्या मोठ्या आतड्यात तो असतो. तिथल्या एकूण जिवाणूंत त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो, पण तो आतड्यातला उरलासुरला ऑक्सिजन वापरून टाकतो, आणि ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही अशा इतर जिवाणूंची त्यामुळे सोय होते. थोडंफार के जीवनसत्त्वही तो तयार करतो.

प्रयोगशाळेतल्या घराण्याचं नाव के-१२. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९२२ मध्ये, घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका रुग्णाच्या शौचातून तो वेगळा केला गेला. नंतर तो विभागाच्या संग्रहात राहिला आणि विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांना वापरला गेला. १९४०च्या दशकात एडवर्ड टेटम यांना आपल्या प्रयोगांसाठी साधासा जिवाणू हवा होता, त्यांनी हाताशी असलेला हाच घेतला. १९४६ मध्ये जोशुआ लेडरबर्ग आणि टेटम यांनी दाखवलं की जिवाणूसुद्धा एकमेकांना जनुकं देतात. ही देवाणघेवाण करायला पेशीत एक विशिष्ट घटक लागतो. तो के-१२ मध्ये होता, बहुतेक इतर घराण्यांत नव्हता. संग्रहातली दुसरी एखादी कुपी उचलली असती तर प्रयोग बहुधा फसला असता.

माझ्या मते ई. कोलायचं खरं महत्त्व इथे आहे. तो जगातला सर्वांत गुणी जिवाणू म्हणून निवडला गेला नाही. पण वीस मिनिटांत दुप्पट होणारा, साध्या खाद्यावर वाढणारा आणि निरुपद्रवी असा एक जिवाणू सगळ्यांनी मिळून धरला. एका प्रयोगशाळेत कळलेली गोष्ट दुसऱ्या प्रयोगशाळेला लगेच कामी आली. डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य आहे याचा १९५२ चा पुरावा ई. कोलायला लागणाऱ्या विषाणूवरच्या प्रयोगातून आला. डीएनएची नक्कल होताना जुनी एक आणि नवी एक अशी साखळ्यांची जोडी बनते, हे १९५८ मध्ये मेसेल्सन आणि स्टाल यांनी ई. कोलायमध्येच दाखवलं. १९६१ मध्ये नायरेनबर्ग आणि मथाय यांनी जनुकीय लिपीचा पहिला शब्द वाचला, तो ई. कोलायच्या पेशी फोडून काढलेल्या अर्कात. त्याच कामासाठी १९६८ चं नोबेल नायरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत हरगोविंद खोराना यांना मिळालं.

एका प्रयोगाबद्दल मात्र थांबून सांगते, कारण तो तुमच्या विहिरीशीही जोडलेला आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा जेकब आणि जॅक मोनो यांना प्रश्न पडला होता की जिवाणूला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, दिली की तो ती फोडणारं एन्झाइम बनवतो, आणि दिली नाही तर बनवत नाही. हे त्याला कळतं कसं? १९६१ मध्ये त्यांनी उत्तर मांडलं. जनुकाच्या पुढे एक प्रथिन आडवं बसलेलं असतं. लॅक्टोज आलं की त्यापासून बनलेला रेणू त्या प्रथिनाला चिकटतो, प्रथिन बाजूला होतं आणि जनुक वाचलं जाऊ लागतं. जनुकं चालू-बंद होतात हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच कळलं. १९६५ मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्याबरोबर त्या दोघांना नोबेल मिळालं. त्या एन्झाइमचं नाव बीटा-गॅलॅक्टोसायडेज. हे नाव लक्षात ठेवा.

गंगथडी

प्रयोगवहीताई, मस्तच लिहिलंय. त्या एन्झाइमचा पुढचा धागा मी पकडतो, कारण मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो.

माळरान, अहवालात ई. कोलाय आढळले याचा अर्थ त्या जिवाणूनेच रोग होणार असा नाही. अर्थ हा की पाण्यात नुकतीच विष्ठा मिसळली आहे, माणसाची किंवा जनावराची. हा जिवाणू उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहतो, बाहेर पाण्यात फार काळ तग धरत नाही. म्हणून तो सापडला म्हणजे वाट अजून उघडी आहे. त्याच वाटेने पटकी, विषमज्वर, कावीळ, हगवण काहीही येऊ शकतं. त्या प्रत्येकाची वेगळी तपासणी करणं अवघड आणि खर्चिक, म्हणून ई. कोलाय शोधायचा. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिली नमुन्यात तो एकही आढळता कामा नये.

आता तपासणी. एका प्रचलित पद्धतीत नमुन्यात दोन रसायनं घालतात. एक रसायन बीटा-गॅलॅक्टोसायडेजने फुटलं की पिवळं होतं. पिवळा रंग आला म्हणजे ई. कोलाय ज्यात मोडतो त्या कोलिफॉर्म गटातलं कोणीतरी आहे. दुसरं रसायन ई. कोलायकडच्या आणखी एका एन्झाइमने फुटतं आणि अतिनील दिव्याखाली निळसर चमकतं. पिवळं आणि वर चमकतंय, म्हणजे ई. कोलाय. जेकब आणि मोनो यांनी ज्या एन्झाइमचा अभ्यास केला तेच आज नमुन्यांना रंग देतंय.

तुमच्या गावासाठी महत्त्वाचं: नुसती पावडर टाकून थांबू नका. विहिरीच्या कठड्याला भेगा आहेत का, जवळ शोषखड्डा किंवा उकिरडा आहे का, पावसाचं पाणी आत उतरतंय का, हे पाहायला लावा. टीसीएल टाकल्यावर किमान अर्धा तास जाऊ द्या आणि मग शेवटच्या नळाला ओटी चाचणी करा. पाणी पिवळसर झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरला पाहिजे. जुनी, ओलसर झालेली पावडर कितीही टाकली तरी उपयोग नाही. जलसुरक्षकाला पोत्यावरची तारीख विचारा. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण द्यायचं असतं. तुमच्याकडे त्या कोण आहेत ते शोधा आणि त्यांच्याकडून पुन्हा नमुना तपासून घ्या.

आडगाव

वाचतोय. छान धागा. पण ताई, जर तो आतड्यात मुळातच असतो आणि निरुपद्रवी आहे, तर बातम्यांत ई. कोलायने माणसं दगावली असं येतं ते काय?

रात्रपाळी

आडगाव, याचं उत्तर मी देतो, दवाखान्यात रोज भेटतो तो मला.

एकाच जातीतली घराणी किती वेगळी असावीत? २००२ मध्ये के-१२, मूत्रमार्गाला त्रास देणारं एक घराणं आणि विषारी ओ१५७ अशा तिघांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा तिघांत मिळून असलेल्या प्रथिनांपैकी जेमतेम ३९ टक्के सगळ्यांत समान निघाली. ओ१५७ कडे तर के-१२ मध्ये नसलेली हजाराहून जास्त जनुकं आहेत. त्याचं विष बनवणारं जनुक एका विषाणूने आणून सोडलेलं आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या खिम्याच्या हॅम्बर्गरमधून झालेल्या साथीत हे घराणं प्रथम ओळखलं गेलं. २०११ मध्ये जर्मनीत दुसऱ्या एका घराण्याची मोठी साथ आली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, शेवटी सापडलं ते मेथीचे मोड. सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. मोड आलेलं कडधान्य आपल्याकडे शिजवून खायची पद्धत आहे ती सोडू नका, एवढंच सांगेन.

आपल्याकडे रोजचा त्रास म्हणजे लघवीचा संसर्ग, विशेषतः बायकांमध्ये. त्याचं सर्वांत मोठं कारण ई. कोलाय. आतड्यात जो शहाण्यासारखा राहतो, तो मूत्रमार्गात शिरला की आजार होतो. आणि दुकानातून परस्पर गोळ्या घेतल्याने आता साध्या औषधांना तो दाद देत नाही. लघवीचं कल्चर करून मगच औषध सुरू करावं असं मी दर वेळी सांगतो. रक्ताचे जुलाब असतील तर मनाने अँटिबायोटिक मुळीच घेऊ नका.

पण याच जिवाणूवर माझे रुग्ण जगतात हेही तितकंच खरं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात देतात ते ॲस्पॅराजिनेज हे ई. कोलायचं स्वतःचं एन्झाइम आहे. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढवायला देतात ते फिलग्रास्टिमही ई. कोलायमध्येच बनतं. आणि पहिल्या महायुद्धातली एक गोष्ट: फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निसल यांनी १९१७ मध्ये अशा एका सैनिकाच्या शौचातून ई. कोलाय वेगळा केला, ज्याच्या आजूबाजूचे सगळे हगवणीने आडवे झाले होते आणि तो मात्र ठणठणीत होता. तो जिवाणू जर्मनीत आजही कॅप्सूलमधून औषध म्हणून दिला जातो.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना इथपर्यंत वाचून दाखवलं. विहिरीच्या कठड्याचं उद्याच बघतो. इन्सुलिन नेमकं कसं बनवतात आणि शाकाहारीचा प्रश्न, तेवढं कोणीतरी सांगा.

किण्वक

माळरानदादा, हा माझा प्रांत. मी औषधनिर्मितीत फर्मेंटेशन विभागात, म्हणजे मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवतात तिथे काम करतो.

आधी पूर्वीची स्थिती सांगतो, म्हणजे वडिलांना फरक कळेल. १९८२ पर्यंत मधुमेहींना मिळणारं इन्सुलिन कत्तलखान्यातून आणलेल्या गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असे. पाव किलोच्या आत शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टनांहून जास्त अवयव लागत. शिवाय ते माणसाच्या इन्सुलिनपेक्षा किंचित वेगळं, त्यामुळे काहींना ॲलर्जी होई.

१९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी दाखवलं की डीएनएचा परका तुकडा प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएत जोडून ई. कोलायमध्ये घालता येतो, आणि जिवाणू वाढला की तुकडाही वाढतो. ज्या एन्झाइमने डीएनए कापलं ते ईकोआरआय, तेही ई. कोलायचंच. १९७६ मध्ये बॉयर यांनी जेनेन्टेक कंपनी काढली. १९७८ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप संस्थेतल्या आर्थर रिग्ज आणि केइची इताकुरा यांच्याबरोबर मानवी इन्सुलिन बनवलं.

इन्सुलिनच्या दोन साखळ्या असतात, एक २१ अमिनो आम्लांची आणि एक ३० ची. या दोन्हींची जनुकं त्यांनी कोणाच्या शरीरातून घेतली नाहीत, रसायनं जोडून प्रयोगशाळेत बनवली. अडचण अशी की इतकं लहान परकं प्रथिन दिसलं की जिवाणू त्याचे तुकडे करून टाकतो. मग त्यांनी प्रत्येक साखळी बीटा-गॅलॅक्टोसायडेज या मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडली. जिवाणूला ते आपलंच वाटलं. दोघांच्या सांध्यावर मेथिओनिन हे अमिनो आम्ल ठेवलं होतं. सायनोजेन ब्रोमाइड हे रसायन फक्त मेथिओनिनपाशी कापतं, आणि इन्सुलिनमध्ये मेथिओनिन नसतंच. त्यामुळे मोठं प्रथिन कापलं गेलं आणि इन्सुलिनची साखळी अखंड सुटली. नंतर दोन साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडल्या. मला विचाराल तर जैवतंत्रज्ञानातली इतकी देखणी युक्ती दुसरी नाही. म्हणजे ज्या एन्झाइमने विहिरीचा नमुना पिवळा होतो, त्याच्याच पाठीवर बसून पहिलं मानवी इन्सुलिन आलं. ऑक्टोबर १९८२ मध्ये अमेरिकेत एली लिलीच्या औषधाला परवानगी मिळाली. आज पद्धत बदलली आहे, दोन्ही साखळ्या एकाच लांब प्रथिनात बनवून मग कापतात.

सगळंच इन्सुलिन ई. कोलायचं नसतं, हेही सांगतो. नोवो नॉर्डिस्क यीस्ट वापरते. वोकहार्टने २००३ मध्ये आपल्या औरंगाबादेतून मानवी इन्सुलिन आणलं, तेही एका प्रकारच्या यीस्टमधून.

शाकाहारीबद्दल: वडिलांचं हे इन्सुलिन जनावरापासून काढलेलं नाही, त्यासाठी कोणताही प्राणी मारला जात नाही. काही कंपन्या जिवाणूच्या खाद्यात दुधाच्या प्रथिनापासून केलेला घटक वापरतात, काही पूर्ण रासायनिक खाद्य वापरतात. वडिलांनी निःशंक मनाने घ्यावं असं मी म्हणेन. निर्णय त्यांचा.

आडगाव

किण्वक, अशी जनुकं घातलेला जिवाणू टाकीतून बाहेर पडला तर?

प्रयोगवही

हा प्रश्न शास्त्रज्ञांनीच सर्वांत आधी विचारला होता. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमार इथे ते जमले आणि त्यांनी स्वतःवर नियम घालून घेतले. के-१२ ने इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढली आहेत की पेशीच्या बाहेरचं साखरेचं आवरण तो गमावून बसलाय. माणसाच्या आतड्यात गेला तर टिकत नाही, थोड्या दिवसांत निघून जातो. शिवाय कारखान्यातली टाकी रिकामी करण्याआधी आतलं सगळं मारून टाकतात. तरी काळजी घेणं सोडू नये. जिवाणू वाढवायला वापरलेली प्रत्येक ताटली विद्यार्थ्यांनी १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) केल्याशिवाय मी त्यांना घरी सोडत नाही.

मिशिगनकर

प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढली यावरून आठवलं. मी ज्या गावात राहतो तिथल्या विद्यापीठात रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग चालायचा. २४ फेब्रुवारी १९८८ ला त्यांनी एकाच ई. कोलायपासून बारा चंबू सुरू केले. रोज प्रत्येक चंबूतला शंभरावा भाग ताज्या खाद्यात घालायचा, बस. दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. एकूण पिढ्या पंचाहत्तर हजारांच्या पुढे गेल्यात. २०२२ मध्ये चंबू टेक्सासला जेफ्री बॅरिक यांच्याकडे गेले.

२००३ मध्ये एक चंबू अचानक गढूळ झाला. त्यातला जिवाणू सायट्रेट (लिंबाच्या आम्लाचा क्षार) खायला लागला होता. खाद्यात ते पहिल्या दिवसापासून होतं, पण ऑक्सिजन असताना ई. कोलायला ते खाता येत नाही. त्याला तीस हजारांहून जास्त पिढ्या लागल्या. मग झॅकरी ब्लाउंट यांनी गोठवलेले जुने नमुने काढून तिथून पुन्हा उत्क्रांती घडवून पाहिली. वीस हजाराव्या पिढीनंतरच्या नमुन्यांतूनच ही क्षमता पुन्हा उगवली, आधीच्यांतून नाही. म्हणजे आधी काहीतरी तयारी झाली होती. जीवाश्म पुन्हा जिवंत करून प्रश्न विचारता यावा, असं दुसरीकडे कुठे करता येतं?

प्रयोगवही

मिशिगनकर, अगदी. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्येही ई. कोलायवर उत्क्रांतीचे प्रयोग चालतात. आणि ज्यांनी बीएस्सीला इमविक चाचण्या केल्यात त्यांना या बातमीचं मोल कळेल. इंडोल होय, मिथाइल रेड होय, वोगस-प्रॉसकॉर नाही, सायट्रेट नाही, ही ई. कोलायची ओळख आम्ही दरवर्षी घोकून घेतो. त्यातला शेवटचा नाही एका चंबूत होय झाला.

माळरान

वडील म्हणाले, सगळ्यांना नमस्कार सांग. आज इंजेक्शन विनातक्रार घेतलं. किण्वक, शेवटचं एकच: जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो, साखरेवर वाढतो, तर मग औषध इतकं महाग का? आणि औषधांशिवाय आणखी कशात वापरतात?

किण्वक

दुसऱ्याचं आधी. कोंबडीच्या मका-सोयाच्या खाद्यात थ्रिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. ते वरून घालतात, आणि ते ई. कोलायकडूनच बनवून घेतात, वर्षाला लाखो टन. अमेरिकेत टेनेसीतल्या लाउडन इथे २००६ पासून मक्याच्या साखरेतून प्रोपेनडायॉल बनतं, ज्यापासून गालिच्यांचे धागे होतात. साखरेपासून ग्लिसरॉल यीस्ट बनवतं, ग्लिसरॉलपासून प्रोपेनडायॉल दुसरे काही जिवाणू बनवतात. दोन्ही कामं एकटा कोणी करत नव्हता, ती ई. कोलायमध्ये एकत्र आणली. चीज बनवायला लागणारं, पूर्वी वासराच्या पोटातून काढलं जाणारं एन्झाइम १९९० मध्ये परवानगी मिळून ई. कोलायमधून येऊ लागलं. करोनाच्या आरटीपीसीआर चाचणीतली एन्झाइम्सही बहुतांशी त्यातूनच बनतात.

आता किंमत. जिवाणू वाढवणं हा स्वस्त भाग. तोही वाटतो तितका सोपा नाही: साखर एकदम घातली तर तो ॲसेटिक आम्ल सोडतो आणि स्वतःच गुदमरतो, म्हणून थेंबाथेंबाने द्यावी लागते. ऑक्सिजन पुरवायचा, उष्णता काढायची, फेस दाबायचा. एखादा जिवाणूभक्षक विषाणू शिरला तर काही तासांत अख्खी टाकी पाणी होते. पण खरा खर्च पुढे आहे. जिवाणू हे प्रथिन गोळा होऊन साचलेल्या घट्ट कणांत ठेवतो. पेशी फोडायच्या, कण वेगळे करायचे, विरघळवायचे, प्रथिनाची घडी पुन्हा बरोबर पाडायची. त्यानंतर प्रथिन शुद्ध करणाऱ्या स्तंभांमागून स्तंभांतून ते न्यायचं. ई. कोलायच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन अगदी सूक्ष्म प्रमाणात रक्तात गेलं तरी ताप चढतो, म्हणून ते निघालंय हे प्रत्येक बॅचला तपासून सिद्ध करावं लागतं. आमच्याकडे फर्मेंटरचं काम दोन-तीन दिवसांचं असतं आणि शुद्धीकरण व तपासणीचं कित्येक आठवड्यांचं. त्याशिवाय मोजक्याच कंपन्या हे बनवतात, त्याचाही भावावर परिणाम होतो. वडिलांना परवडत नसेल तर डॉक्टरांना साध्या मानवी इन्सुलिनबद्दल जरूर विचारा, ते ग्लार्जिनपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि सरकारी दवाखान्यातही मिळतं. प्रकार मात्र मनाने बदलू नका, मात्रा आणि वेळा वेगळ्या असतात.